नाशिकचा कातळ कोणी कोरला: अग्नीने की पाण्याने?

१/२५
नाशिकच्या पश्चिमेला सोमेश्वरजवळ गोदावरी काळ्या कातळावरून खाली झेपावते. तो कातळ अग्नीने रचला आणि ती वाट पाण्याने कोरली. शिलालेख, ताम्रपट, बखरी या सर्वांच्या कितीतरी आधीचा एक दस्तऐवज या नदीच्या पात्रात उघडा पडलेला आहे. सिंहस्थाच्या तोंडावर त्याचे वाचन करणे अगत्याचे आहे, कारण हाच दस्तऐवज गेली दोन दशके सिमेंटखाली झाकला गेला आहे. #थ्रेड

२/२५
प्रथम थोडे दूर जाऊ. १८७७ साली इटालियन खगोलवेत्ता स्कियापारेली याने मंगळावर रेषा पाहिल्या व त्यांना 'कनाली', म्हणजे चर, असे म्हटले. इंग्रजीत त्याचे 'कालवे' झाले आणि कालवे खोदणाऱ्या मंगळवासीयांची कल्पना जगभर पसरली. त्या रेषा दृष्टिभ्रम ठरल्या. पण १९७१ साली मरिनर-९ हे यान मंगळाभोवती फिरू लागले, तेव्हा खरोखरच्या कोरड्या नदीपात्रांची छायाचित्रे पृथ्वीवर पोहोचली.

३/२५
मग वाद सुरू झाला: ही पात्रे कोणी कोरली? उत्तर वाटते तितके सोपे नव्हते, कारण वाहता लाव्हादेखील वाट कोरतो. त्याच १९७१ साली अपोलो-१५ चे अंतराळवीर चंद्रावरील हॅडली घळईच्या काठावर उभे राहिले. ती नागमोडी घळई नदीसारखी दिसते, परंतु ती लाव्हाची वाट आहे. शुक्रावर बाल्टिस व्हॅलिस नावाचा सुमारे ६,८०० किलोमीटर लांबीचा चर आहे. तोही लाव्हाचाच मानला जातो.

४/२५
भेद ओळखायचा कसा? नदीला उपनद्या मिळतात, म्हणून ती पुढे जाताना सामान्यतः रुंदावते. लाव्हाचा प्रवाह उगमापाशी जोरकस असतो, पुढे थंड होत अरुंद होतो आणि त्याला उपनद्या नसतात. नदी गोटे घासून गोल करते, वाळू व गाळ थरांनी मांडते. लाव्हा आपल्याच गोठलेल्या कडांचे बांध दोन्ही बाजूंना उभे करतो. मंगळावर दोन्हींच्या खुणा आहेत. अथाबास्का व्हॅलिस येथे तर पाण्याने कोरलेल्या पात्रावर नंतर लाव्हा पसरला, असे अनेक अभ्यासक मानतात.

५/२५
या वादाला पृथ्वीवरचा एक दाखला उपयोगी पडला. १९२३ साली जे हार्लेन ब्रेट्झ या अमेरिकी भूशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातील बेसाल्टच्या पठारावरील प्रचंड चर पाहून सांगितले की हे महापुराने खोदले. समकालीनांनी त्याला जवळजवळ वेड्यात काढले. पुढे हिमयुगीन सरोवर फुटल्याचा पुरावा मिळाला आणि १९७९ साली, वयाच्या नव्वदीनंतर, त्याला भूशास्त्रातील पेनरोज पदक मिळाले. मंगळाचे अभ्यासक ती भूमी पाहूनच मंगळ वाचायला शिकले.

६/२५
बेसाल्टचे असेच, किंबहुना त्याहून मोठे, पठार महाराष्ट्राच्या पायाखाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हा उसळला. एखाद्या शंकूच्या मुखातून येण्याऐवजी तो मुख्यतः लांबच लांब भेगांतून आला आणि थरावर थर पसरत गेला. आज उरलेला विस्तारही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. नगर व नाशिक जिल्ह्यांच्या सीमेवरील १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर याच थरांच्या उतरंडीचा माथा आहे.

७/२५
या खडकाला 'दख्खन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. कसाऱ्याकडून इगतपुरीला चढताना वा ब्रह्मगिरीकडे पाहताना डोंगराची बाजू पायऱ्यापायऱ्यांनी वर जाते, ती याचमुळे. टणक थराचा उभा कडा होतो, मऊ थराचा उतार होतो. सह्याद्रीतील गड बांधणाऱ्यांनी या कड्यांना तासून तट केले. निसर्गाने अर्धा गड आधीच बांधून ठेवला होता.

८/२५
दोन काळ्या थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधील विश्रांती. एक लाव्हा थंड झाला, ऊन-पावसाने त्याचा माथा झिजला, माती झाली आणि मग पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढत झाकली. म्हणजे अग्नीचे काम चालू असतानाच पाण्याचेही काम सुरू झालेले होते.

९/२५
लाव्हातील वायू निघून जाताना खडकात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. त्यांतून खनिजयुक्त पाणी झिरपले आणि झिओलाइटचे स्फटिक वाढले. नाशिकच्या पांडवलेणी परिसरातील खाणींतून मिळालेले असे स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत आणि सिन्नरचे 'गारगोटी' संग्रहालय त्यांच्यासाठीच प्रसिद्ध आहे. या सुंदर खड्यांचा कर्ता कोण, असा प्रश्न केला तर उत्तर जोडनावानेच द्यावे लागते: पोकळी अग्नीची, स्फटिक पाण्याचा.

१०/२५
आता नदी. ब्रह्मगिरीपासून अरबी समुद्र शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरी गोदावरी त्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कारण दख्खनचे पठार पूर्वेकडे कललेले आहे. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतून उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते. एकाच डोंगररांगेवर पडलेले पावसाचे दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना मिळू शकतात.

११/२५
हा टणक कातळ पाणी कापते कसे? नुसत्या पाण्याने ते जमत नाही. पुराचे पाणी गोटे वाहून आणते. कातळातील एखाद्या खळग्यात भोवरा सापडला की गोटे तेथेच गरगरत राहतात आणि रांजणासारखी कुंडे कोरतात. निघोजला कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे याचा सर्वांत देखणा नमुना. शिवाय लाव्हा थंड होताना त्यात पडलेल्या भेगा असतात. पाणी त्या हेरते, खडकाचे ठोकळे सुटे करते, आणि धबधबा हळूहळू उगमाकडे मागे सरकतो.

१२/२५
म्हणून खडकाळ ग्रहावरील पात्राचे कर्तृत्व एकट्या पाण्याला देता येत नाही. लाव्हाने भेगा कुठे ठेवल्या, मऊ थर कुठे घातला, यावर नदीची वाट अवलंबून असते. पाणी कोरते खरे, पण अग्नीने आखलेल्या रेषांवर. गोदेच्या काठचा मानवी इतिहासही असाच या आखणीवर उभा राहिला.

१३/२५
गौतम ऋषींच्या तपाने ब्रह्मगिरीवर गंगा अवतरली आणि शंकराने कातळावर जटा आपटल्या, अशी कथा आहे. तिची सत्यासत्यता तपासत बसण्यापेक्षा तिच्यातील निरीक्षण पाहावे. खडकावर आघात झाला आणि पाणी वाहू लागले, हे कथाकाराला दिसले होते. बेसाल्टमध्ये पाणी साठते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत, आणि वाहते ते त्या भेगांतूनच. श्रद्धेने जे पाहिले आणि भूशास्त्राने जे मोजले, त्या दोन्हींचा विषय एकच आहे.

१४/२५
माणूस येथे फार पूर्वी आला. गंगापूरजवळ गोदावरीच्या जुन्या गोट्या-वाळूच्या थरांत हसमुख सांकळिया यांना अश्मयुगीन हत्यारे मिळाली. त्यांवरील त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५२ साली प्रसिद्ध केला. हातकुऱ्हाडीसाठी दगड डोंगराने दिला, तो काठापर्यंत नदीने आणला आणि माणसाने त्याला धार दिली. महाराष्ट्राच्या प्रागैतिहासाचे हे एक महत्त्वाचे पान नदीच्या गाळानेच जपून ठेवले.

१५/२५
१९५०-५१ मध्ये सांकळिया आणि शां. भा. देव यांनी नाशिकच्या काठावरील मातीच्या गढीचे उत्खनन केले. ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर तेथे एकावर एक सापडले. लाव्हाच्या थरांवर माणसाचे थर! नऊ टेकांवर वसले म्हणून गावाचे नाव नाशिक, अशी एक व्युत्पत्ती सांगितली जाते. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, पुराच्या रेषेच्या वर राहण्याचा जुना शहाणपणा तीत आहे.

१६/२५
त्रिरश्मी डोंगर, म्हणजे पांडवलेणी. येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणूस स्वतः कातळ कोरू लागला. नहपानाचा जावई उषवदात याचा लेख लेण्याबरोबर 'पोढीं'चाही, म्हणजे पाण्याच्या टाक्यांचाही, उल्लेख करतो. गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेखही याच डोंगरात आहे. लेणे कोरताना पाण्याची सोय त्याच कातळात करायची, ही त्या काळच्या स्थपतीची प्राथमिक अट होती.

१७/२५
उषवदाताच्या त्याच लेखात आणखी एक नोंद आहे: दमणगंगा, तापी आदी नद्यांवर त्याने लोकांसाठी विनामूल्य नावांची सोय केली. नदी ओलांडण्याची सोय हे पुण्यकृत्य मानले गेले होते. लेखातील 'गोवर्धन' हे नाव आजही गंगापूरच्या शेजारच्या गावाने जपले आहे. दोन सहस्रकांत राजवटी किती गेल्या! नदी तीच, कातळ तोच, नावही तेच.

१८/२५
१६९६ साली रामकुंड बांधले गेले, अशी नोंद मिळते. लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड, अहल्याकुंड, शारंगपाणीकुंड अशी कुंडांची मालिकाच पात्रात होती. १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरनेही या कुंडांची दखल घेतली आहे. या बांधकामांचे वैशिष्ट्य लक्षात घ्यावे. काठाला घडीव दगडांच्या पायऱ्या, परंतु तळाला नदीचा स्वतःचा कातळ. त्यामुळे कातळातील झऱ्यांचे पाणी कुंडांत येत राहायचे.

१९/२५
पुराशीही या शहराचे नाते अभ्यासाचे होते. १७४७ च्या नारोशंकर मंदिराची घंटा वसईच्या विजयाची आठवण म्हणून प्रसिद्ध आहे. पुराचे पाणी तिला लागले की मोठा पूर समजावा, असे नाशिककर सांगत आले. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला पाणी लागले, यावरून आजही पूर मोजला जातो. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर लोकांच्या स्मरणात याच मापाने नोंदलेले आहेत.

२०/२५
आणि मग २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास रामकुंड परिसरात पात्राच्या तळावर काँक्रीट ओतले गेले. कुंडे झाकली गेली, कातळ दिसेनासा झाला. नदीप्रेमी नागरिकांनी आवाज उठवला, गोदावरीचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि स्मार्ट सिटी प्रकल्पात काही भागांतील काँक्रीट काढण्याचे काम हातीही घेण्यात आले. पण काही भागांतील सुधारणा म्हणजे धोरण नव्हे. तळ कधीच झाकायचा नाही, असा निर्णय जाहीरपणे व कायमचा व्हायला हवा.

२१/२५
काँक्रीटचा दोष केवळ सौंदर्याचा नाही. बेसाल्टच्या भेगा हा नदी आणि भूजल यांच्यातील दुहेरी दरवाजा आहे. पावसाळ्यात पाणी त्यांतून खाली मुरते, कोरड्या दिवसांत झऱ्यांच्या रूपाने वर येते. दरवाजा बंद केला की कुंडातील पाणी धरणातून सोडलेल्या आवर्तनावर अवलंबून राहते. शिवाय गुळगुळीत तळावरून पुराचे पाणी अधिक वेगाने धावते. इगतपुरी परिसरात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि नाशिक शहरात त्याच्या चौथाईच्या आसपास. पावसाच्या छायेत वसलेल्या अशा शहराला प्रत्येक झरा मोलाचा आहे.

२२/२५
दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे. सिंहस्थात लाखो माणसे एकाच दिवशी स्नानाला उतरतात. त्यांत वृद्ध असतात, लहान मुले असतात. शेवाळलेल्या, उंचसखल कातळावर पाय घसरला तर जबाबदारी कोणाची? सपाट तळ स्वच्छ करायलाही सोपा. प्रशासनाची ही चिंता खोटी नाही. २७ ऑगस्ट २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला, ही जखम नाशिक विसरलेले नाही.

२३/२५
पण ती दुर्घटना नदीच्या तळावर घडलेली नव्हती. रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर ती घडली. म्हणजे तिचा धडा वाटा, उतार आणि गर्दीचे नियोजन यांच्याविषयी आहे. सुरक्षितता घाटावर हवी: रुंद पायऱ्या, साखळ्या, कठडे, खोलीच्या खुणा, स्नानाची विभागणी. सतराव्या शतकातील बांधणाऱ्यांनी काठ घडीव व तळ नैसर्गिक ठेवून हाच तोडगा काढला होता. काठ माणसासाठी बांधावा, तळ नदीसाठी सोडावा.

२४/२५
झाकलेली नदी नाहीशी होत नाही, याचा पुरावा जुन्या नाशिकनेच दिला आहे. सरस्वती हा गोदेला मिळणारा ओहोळ वस्तीखाली गाडला गेला. तरी जोराचा पाऊस झाला की सराफ बाजारात पाणी भरते, कारण पाण्याला आपली वाट आठवते. उगमाचीही तीच कथा. २०२१ मध्ये ब्रह्मगिरी परिसरातील उत्खननाविरुद्ध लोक एकत्र आले. ज्या डोंगराच्या भेगांत पाणी साठते, तो सुरुंगाने फोडायचा आणि खाली रामकुंडात नळाने पाणी आणायचे, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो?

२५/२५
२०२७ च्या सिंहस्थाची तयारी होत आहे. तिच्यात तीन गोष्टी असाव्यात: उरलेले काँक्रीट काढून कुंडांचे मूळ तळ मोकळे करणे, पात्रात नव्याने सिमेंट न ओतण्याचे लेखी बंधन, आणि सोमेश्वर ते रामकुंड या पट्ट्यातील कातळाची भूवारसा म्हणून नोंद. मंगळावरील बेसाल्टमध्ये कधीकाळच्या पाण्याची खूण शोधण्यासाठी माणूस कोट्यवधी किलोमीटर दूर यंत्रे धाडतो. नाशिकमध्ये तीच खूण ओली आहे, वाहती आहे आणि नाशिक रोड स्थानकावरून शहर बसने गाठता येते. तरुण इतिहासप्रेमींनी पुढच्या खेपेस पांडवलेणी पाहून झाल्यावर नदीच्या पात्रापर्यंतही जावे. कुठे कातळ उघडा आहे आणि कुठे सिमेंट, याची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत. उद्या पात्रात पुन्हा सिमेंटची गाडी उभी राहिली, तर आज काय होते हे दाखवायला तीच नोंद कामी येईल.